मानसरोवर कुठे फोडायचं?

हार्बर मार्गावर खारघर सोडलं की मानसरोवर येतं, मग खांदेश्वर, मग पनवेल. मराठी जोडशब्द तोंडात कसा फुटतो, हे पाहायला एवढ्या पाट्या पुरतात.

'पनवेल' लिहिताना अक्षरं चार, बोलताना तुकडे दोनच: पन्-वेल्. शेवटच्या 'ल'मधला अ आपण उच्चारत नाही आणि 'न'मधलाही गिळतो. मधला अ गिळायचा तर मागे-पुढे स्वर हवेत आणि शेजारी जोडाक्षर नको. म्हणून 'करतो'चं कर्-तो होतं, पण 'पुस्तकात'मधला 'त' शाबूत राहतो. त्याचा अ गेला तर स्, त्, क् एकमेकांवर आदळतील.

खरी गंमत 'मानसरोवर'मध्ये. इथे 'न' आणि 'स' या दोघांचेही अ गिळण्याजोगे, पण लागोपाठ दोन्ही गिळता येत नाहीत. मग मान्-स-रो-वर् की मा-नस्-रो-वर्? नुसता नियम इथे मुका होतो. उत्तर सांध्यात आहे. 'सरोवर' ओळखीचा शब्द, म्हणून जीभ त्याच्या आधी तोडते. 'नगरपालिका'ही तशीच: 'नगर' आधी न-गर् असा बसतो, मग 'पालिका' जोडली जाते. सांधा न कळणारं वाचनयंत्र खुशाल नग्-र-पालिका म्हणेल. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलला महानगरपालिका आली. पुढे 'महा' लागूनही ही घडी मोडली नाही.

'नगराध्यक्ष' मात्र वेगळा. 'नगर' आणि 'अध्यक्ष' यांचे अ मिळून 'रा' झाला, सांधाच विरघळला. मग घाईत सर्रास नग्-राध्यक्ष ऐकू येतं, आणि ते चूक म्हणवत नाही. कर्नाळ्याच्या 'अभयारण्या'तही असाच संधी आहे.

आघाताचं काय? मराठीत तो अर्थ बदलत नाही. दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचं अक्षर थोडं जड वाटतं, इतकंच. लांबलचक जोडशब्दांसाठी प्रसिद्ध असलेल्या डच भाषेत मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो. पण सांध्याचा पेच तिथेही आहे: 'क्वार्टस्लाखन' हा शब्द 'क्वार्ट'नंतर तोडला तर पाव वळसे, 'क्वार्ट्स'नंतर तोडला तर स्फटिकाचे थर.

आता पनवेलच्या नाट्यगृहावरचं 'आद्यक्रांतिवीर' तुम्हीच फोडून पाहा. फक्त 'ति'ला हात लावू नका. तिथे इ आहे, आणि ती गिळली जात नाही.