सात वाजताचा फोन

पुण्यातल्या एका छोट्या जनसंपर्क संस्थेत लागले, तेव्हा सकाळी साडेसातला वर्तमानपत्रांचा गठ्ठा सोडणं हे माझं पहिलं काम होतं. क्लायंटचं नाव दिसलं की कात्री चालवायची. मग पट्टी लावून बातमीची उंची मोजायची, कॉलमांनी गुणायची आणि वर त्या पानाचा जाहिरातीचा दर लावायचा. येईल तो आकडा महिनाअखेरीस क्लायंटकडे जायचा: एवढ्या रुपयांची प्रसिद्धी झाली. मला तो हिशेब कधीच पटला नाही. जाहिरातीची जागा आपण विकत घेतो. बातमी कुणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर छापलेली असते. दोन्हींचा दर एक कसा? २०१० मध्ये बार्सिलोनाला या व्यवसायातल्याच लोकांनी हे मोजमाप नाकारलं, तरी पुढे कितीतरी वर्षं ती पट्टी मी टेबलांवर पाहत आले.

खरं शिक्षण झालं प्रेस नोटवर. मुंबईहून इंग्रजी मजकूर यायचा आणि सोबत निरोप, ‘तासाभरात मराठी पाहिजे.’ माझा पहिला मसुदा ‘घोषित करताना अत्यंत आनंद होत आहे की’ असा सुरू झाला होता. माझ्या वरिष्ठ मॅडमनी पहिल्या दोन ओळी लाल पेनानं खोडल्या आणि चौथ्या ओळीतल्या एका आकड्याभोवती गोल केला. आसपासच्या गावांतल्या ४० मुलींना कारखान्यात वेल्डिंग शिकवणार होते. ‘अगं, बातमी ही आहे. कंपनीला आनंद झाला, हे उपसंपादकाच्या काय कामाचं?’

उपसंपादक जागेअभावी मजकूर खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं ते इंट्रोतच हवं. जिल्ह्याची बातमी असेल तर डाक आवृत्तीची पानं लवकर सुटतात, तेव्हा दुपारीच पाठवायची. युनिकोडमधला मजकूर वर्तमानपत्राच्या श्रीलिपी फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. एकदा अध्यक्षांच्या आडनावाचीच मोडतोड झालेली बघून मी घाबरून गेले होते. तेव्हापासून नावं फोनवर एकेक अक्षर सांगून तपासून घेते. फोटोओळीतला ‘डावीकडून’ हा शब्द लिहिताना आजही फोटो समोर धरून, बोट ठेवून माणसं मोजते.

रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून बाहेर पडलेली मुलं आमच्याकडे येतात आणि विचारतात, ओळखी कशा वाढवायच्या? मी त्यांना आगीची गोष्ट सांगते.

माझं तिसरं वर्ष होतं. दुपारी एका क्लायंटच्या गोदामाला आग लागली, दोन कामगार भाजले. व्यवस्थापकांचा फोन आला, ‘कुणाशी बोलू नका. तुमचा मोबाइलही बंद ठेवा.’ मॅडमनी शांतपणे त्यांना आयव्ही ली सांगितला. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात कोसळली, ५० हून अधिक माणसं गेली. रेल्वे कंपनीसाठी काम करणाऱ्या लीनं ते झाकलं नाही. स्वतः निवेदन काढून बातमीदारांना दिलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ते जसंच्या तसं छापलं. आपल्या धंद्यातली पहिली प्रेस नोट म्हणून तिचंच नाव घेतात. ‘आपण नाही सांगितलं तर फाटकाबाहेर उभा असलेला कुणीही सांगेल,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि त्याच्याकडे दोनाचे दहा झालेले असतील.’

व्यवस्थापक राजी व्हायला वीस मिनिटं गेली. मग आम्ही चार ओळी लिहिल्या: आग किती वाजता लागली, किती जण भाजले, त्यांना रुग्णालयात कधी हलवलं, कारण अजून कळलेलं नाही. घरच्यांना कळवून होईपर्यंत कामगारांची नावं द्यायची नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. व्यवस्थापकांना त्यात ‘किरकोळ’ हा शब्द हवा होता. मॅडमनी तो घेतला नाही. भाजलेल्या माणसाच्या बायकोनं सकाळी पेपरात ‘किरकोळ’ वाचायचं का, एवढंच विचारलं. शेवटची ओळ मी घातली: पुढची माहिती सात वाजता.

सात वाजले. नवीन काहीच हाती नव्हतं. मला वाटलं, सांगण्यासारखं नसेल तर फोन कशाला करायचा? मॅडमनी बातमीदारांची यादी माझ्यापुढे सरकवली. अकरा नावं होती. पहिला नंबर लावला आणि म्हटलं, ‘सर, नवीन काही नाही. दोघांवर उपचार सुरू आहेत. कारण कळलेलं नाही. साडेनऊला परत करते.’

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘तोवर पान सोडत नाही.’