फ्रीझर ‘टक’ करून बंद पडतोय? कॉम्प्रेसर बदलायच्या आधी हे बघा

लग्नसराई सुरू झाली की गावागावांतले डीप फ्रीझर भरून जातात. कुणाचा खवा, कुणाची कुल्फी, कुणाचं चिकन, दुकानदाराचे आईस्क्रीमचे डबे. आणि नेमकं याच दिवसांत संध्याकाळी सात-साडेसातला फ्रीझरच्या मागून आवाज यायला लागतो. आधी ‘हुंऽऽ’ अशी घरघर, पाच-दहा सेकंदांनी ‘टक’, मग शांत. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. रात्रभर हा खेळ चालतो आणि सकाळी झाकण उघडावं तर बर्फाचं पाणी झालेलं असतं.

मेकॅनिक येतो, हात लावून बघतो आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणतो. कधी ते खरंही असतं. पण कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे हजारोंचा खर्च, आणि पुष्कळदा दोष असतो तो काही शे रुपयांच्या रिलेत. नाहीतर घरात येणाऱ्या लाईटमध्येच. म्हणून होकार द्यायच्या आधी थोडं तपासून घ्यावं.

तो ‘टक’ आवाज मुळात बिघाडाचा नाही, बचावाचा आहे. कॉम्प्रेसरला चिकटून ओव्हरलोड नावाचा छोटा भाग असतो. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो पण फिरत नाही, तेव्हा तो जास्त करंट ओढतो आणि तापतो. मोटार जळू नये म्हणून ओव्हरलोड लाईन तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. तेव्हा प्रश्न इतकाच, की कॉम्प्रेसर फिरत का नाही?

गावात पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. ज्या डीपीवर घरं आणि शेतीपंप दोन्ही आहेत, तिथं पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. ते १६५ पर्यंत आलं तर मोटारीची सुरुवातीची ताकद जवळपास निम्मी होते. बल्ब मिणमिणत का होईना जळतो, पण कॉम्प्रेसरला उठताच येत नाही. दिवसा फ्रीझर नीट चालतो आणि संध्याकाळीच ‘टक टक’ करतो, असं असेल तर कॉम्प्रेसरला दोष देण्यात अर्थ नाही. स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. नसेल तर मेकॅनिकला संध्याकाळीच बोलवावं आणि त्याच्या मीटरवर सॉकेटचं व्होल्टेज मोजायला लावावं, तेही कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या क्षणी. कारण नुसतं बघितलं तर २०० दिसतात आणि कॉम्प्रेसर सुरू होताना आकडा धाडकन खाली येतो. तसं झालं तर बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, ढिली पिन किंवा काळं पडलेलं सॉकेट याचं कारण असू शकतं. फ्रीझरची पिन थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटमध्ये हवी, अर्थिंगसकट.

स्टॅबिलायझर घेताना नुसतं ‘फ्रीजचा द्या’ म्हणू नये. खोक्यावर तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. गावात १५० व्होल्ट येत असतील आणि स्टॅबिलायझर १७० पासून चालणारा असेल तर तो काय कामाचा? त्यात टाईम डिलेही हवा. लाईट जाऊन लगेच आली की कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, त्या दाबाविरुद्ध तो सुरू होऊ शकत नाही. अशा वेळी पिन काढून पाच मिनिटं थांबलं तर बऱ्याचदा फ्रीझर आपोआप सुरळीत चालतो. डिलेवाला स्टॅबिलायझर हेच काम स्वतः करतो.

व्होल्टेजच कमी असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. एका घराच्या तक्रारीपेक्षा त्या डीपीवरच्या पाच-दहा घरांनी केलेली तक्रार लवकर हलते.

व्होल्टेज ठीक आहे आणि तरी ‘टक’ होतंय, तर पुढचा नंबर रिलेचा. हा कॉम्प्रेसरच्या पिनांवर बसवलेला डबीसारखा भाग, सुरुवातीचा धक्का देणारा. काढून कानाशी हलवला आणि आत खडखडलं किंवा जळका वास आला, तर तो गेला. काही फ्रीझरला कपॅसिटरही असतो. ही कामं मेकॅनिककडूनच करून घ्यावीत, पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला राहू शकतो. आणि ओव्हरलोड काढून ‘डायरेक्ट’ करतो असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणावं. त्याने फ्रीझर दोन दिवस चालेलही, पण मोटार जळण्याची आणि आग लागण्याची भीती राहते.

कॉम्प्रेसर खरंच गेला का, हे मीटरने कळतं. त्याला तीन पिना असतात. दोन-दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजला की लहान दोन आकड्यांची बेरीज साधारण मोठ्या आकड्याइतकी यायला हवी, आणि कुठल्याही पिनेचा बॉडीशी संबंध लागायला नको. हे मोजून दाखवा, असं मेकॅनिकला सांगायला लाजू नये. आकडे बरोबर आले तरी कॉम्प्रेसर आतून जाम झालेला असू शकतो, पण तो निष्कर्ष नवीन रिले लावून आणि पुरेसं व्होल्टेज देऊन बघितल्यावरच काढावा.

काही फ्रीझर ‘टक’ करत नाहीत. थोडा वेळ चालतात, थांबतात, लगेच पुन्हा चालू होतात. तिथं उष्णता बाहेर पडते का ते बघावं. मागच्या काळ्या जाळीवर धूळ बसलेली असते, नाहीतर फ्रीझर भिंतीला टेकवलेला असतो आणि वर गोधड्यांचा ढीग. पिन काढून कोरड्या ब्रशने जाळी झाडावी, चहूबाजूंनी वीतभर जागा सोडावी. बऱ्याच डीप फ्रीझरच्या बाजू गरम लागतात, ते बिघाडाचं लक्षण नाही. एवढं करूनही थांबलं नाही तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा.

उलट कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर आधी रबर बघावं. झाकणात कागद धरून बंद करावं, कागद सहज सुटून आला तर गारवा तिथून जातोय. रबर ठीक, कॉम्प्रेसर अखंड चालू आणि बर्फ एकाच कोपऱ्यात धरत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. गॅस आपोआप ‘संपत’ नाही, तो गळतो. गळती न शोधता नुसता भरला तर पैसे पुन्हा जाणार. फ्रीझरच्या लेबलवर ‘आर-६००ए’ असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे. तिथं घरात बंद खोलीत वेल्डिंग करू देऊ नये, त्या गॅसचं काम येणाराच माणूस बोलवावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. तो हळू वेगात बराच वेळ चालतच राहतो, त्याला साधा रिलेही नसतो.

वॉरंटी कार्ड मात्र आधी शोधावं. अनेक कंपन्या पूर्ण फ्रीजला एक वर्षाची, पण कॉम्प्रेसरला दहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. बाहेरच्या माणसाने कॉम्प्रेसरला हात लावला की ती नाकारली जाऊ शकते. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

दुरुस्ती होईपर्यंत झाकण उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर माल साधारण दोन दिवस गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायची युक्ती सोपी आहे. नाणं वर असेल तर ठीक. वाटीच्या तळाशी गेलेलं दिसलं तर मधे बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला, असं समजायचं. मग तो खवा किंवा चिकन वासाला चांगलं वाटलं तरी पंगतीत वाढू नये.