‘माजघर’ फार लवकर बंद झालं!

मार्च 2015 मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली आणि रायपूरच्या समता कॉलोनीतलं आमचं घर रात्री जागं राहू लागलं. सासू-सून नाही, कटकारस्थान नाही. मुंबईतल्या ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमध्ये राहणारी सहा मुलं. कैवल्यचं संगीताचं वेड, रेश्माचा सगळ्यांना सांभाळून घेणारा स्वभाव, आणि आशू! पुष्कराज चिरपुटकरने तो असा केला की आईने त्याच्यासाठीही पोळी वाढून ठेवावी.

फेब्रुवारी 2016 मध्ये मालिका संपली. पुरतं वर्षही नाही! 2017 मध्ये तेच सहाजण ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन आले, पण नव्या भूमिकांत. चांगली होती, तरी माजघर ते माजघरच. छत्तीसगढमध्ये वाढलेल्या माझ्या भाचीला मराठीतली मस्करी माजघरातच कळायला लागली.