दोर डोक्याच्या वर अडकवा

दिवाळीआधी सोलापुरात रंगकामाची लगबग सुरू झाली, की आमच्याकडे परांचीवरून पडलेले कामगार येऊ लागतात. “कमरेला दोर होता, तरी असं कसं झालं?” नातेवाईक विचारतात.

दोर नुसता असून भागत नाही. दोन मीटर खाली येईपर्यंत शरीराचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो. त्या वेगातला हिसका कमरपट्ट्यामुळे पोटावर आणि मणक्यावर बसतो. फुल बॉडी हार्नेस तो मांड्या, कंबर, छाती आणि खांद्यांवर वाटून देतो. सोबतच्या दोराला धक्का शोषणारी घडी हवी. ती उलगडत जाते आणि हिसका सौम्य होतो.

दोर अडकवायची जागाही महत्त्वाची. १.८ मीटरचा दोर पायाशी अडकवला, तर तो ताणला जाईपर्यंत माणूस तीन मीटरहून अधिक खाली जातो. पहिल्या मजल्यावरून पडणाऱ्याला तोवर जमीन लागलेली असते! म्हणून दोर डोक्याच्या वर, भक्कम आधाराला अडकवावा. परांचीच्या बांबूला नव्हे.

दोराने वाचलेल्यालाही लटकत ठेवू नका. हालचाल थांबली की रक्त पायांत साचते, शुद्ध हरपते आणि जीवही जाऊ शकतो. काही मिनिटांतच खाली उतरवा.

घरमालकांनो, रंगाचा दर ठरवतानाच हार्नेसचीही चौकशी करा.