रेशमाचं सोवळं

सुती लुगडं कितीही स्वच्छ धुतलं तरी कुणी शिवलं की ओवळं होतं, रेशमी मुकटा मात्र वर्षानुवर्षं सोवळ्यात चालतो. असं का, म्हणून विचारलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘रेशमात जंतू मारायची शक्ती असते. आपल्या पूर्वजांना विज्ञान ठाऊक होतं!’ येडशीत आमच्या बचत गटाच्या बैठकीतही हेच निघालं. गटातल्या काहीजणी तुती लावून रेशीम किडे पाळतात. त्यामुळे प्रश्न अगदी घरचाच. म्हटलं, बघू या तरी यात खरं किती ते!

मैत्रिणींनो, गोष्ट अगदीच खोटी नाही. रेशीम अळी चार वेळा कात टाकते, पोटभर तुती खाते आणि दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती साधारण एक किलोमीटर लांबीचा धागा गुंडाळून घेते. आत तिचा पतंग घडत असतो, तेव्हा तिला पळता येत नाही की लपता येत नाही. बाहेर बुरशी आणि जिवाणू टपलेलेच! म्हणून ती कोशातच राखण ठेवते. धाग्याचा गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा, त्यावर सेरिसिनचा डिंकासारखा थर. त्यांच्या जोडीला थोडी छोटी प्रथिनंही असतात. काही प्रथिनं जंतूंच्या पाचकरसाला अडवतात, म्हणजे रेशीम विरघळवून आत शिरणं जंतूंना अवघड जातं. सिरॉइन नावाची प्रथिनं तर जंतूंची वाढच रोखतात. मधाच्या पोळ्यात जाळी करणाऱ्या मेणकिड्याच्या रेशमातही अशी राखण सापडली आहे.

सिरॉइनचा अभ्यास आपल्या शेजारीच, हैदराबादेत झाला. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता की! तिथल्या सीडीएफडी या केंद्रीय संस्थेत डॉ. जे. नागराजू यांच्या गटानं केलेलं संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सिरॉइन जिवाणूंना रोखतं आणि किड्यांना ग्रासरी रोग देणाऱ्या विषाणूलाही आवरतं, असं त्यात दिसलं.

हे ऐकून गटातली एकजण म्हणाली, “म्हणजे ताई, बोट कापलं तर जुन्या शालूची चिंधी बांधावी की!”

नाही गं बाई! कोशापासून कापड होईपर्यंत रेशीम साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यातून जातं. वरचा थर तिथंच निघून जातो. २०१४ मध्येच शास्त्रज्ञांनी रेशमाचा हा गुण नव्यानं तपासला. तेव्हा रेशमाला स्वतःची अशी जंतुनाशक शक्ती दिसली नाही. आधीच्या चाचण्यांत दिसलेला परिणाम धाग्यावर राहिलेल्या रसायनांचा होता. डॉक्टर रेशमी धाग्यानं टाके घालतात, पण तो धागा निर्जंतुक करून पाकीटबंद केलेला असतो. जखम वाहत्या पाण्यानं नि साबणानं धुवावी, स्वच्छ कापड बांधावं आणि धनुर्वाताच्या सुईचं दवाखान्यात विचारावं. मुकटा देवघरात शोभतो, जखमेवर नाही.

खरा मुद्दा मात्र पुढे निघाला. एका घरात पाळीच्या दिवसांत सुनेला किड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. तिची सावली पडली की अळ्या मरतात म्हणे! एरवी पाला कापण्यापासून विष्ठा काढण्यापर्यंत सगळं तिनंच करायचं. अळ्या मेल्या की दोषही तिचाच.

अळ्या का मरतात हे शोधायला फ्रान्समध्ये लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षं खपले. पेब्रीन हा रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतो आणि मादी पतंगाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, हे त्यांनी दाखवलं. मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच अंडी ठेवायची, ही त्यांची रीत आजही चालते. पाळीनं कुठली अळी मरत नाही. रोगट अंडीपुंज, ओला पाला, कोंदट शेड आणि न धुतलेले हात यांनी मरते.

कोशातली राखण आतल्या जिवाला पुरते. कोश विणेपर्यंतचे ते तीन-चार आठवडे अळीची राखण आपल्यालाच करायची असते. तपासलेलेच अंडीपुंज घ्यायचे. प्रत्येक पिकाआधी आणि नंतर शेड ब्लीचिंग पावडरनं निर्जंतुक करायचं. आत जाताना हातपाय धुवायचे, चपला वेगळ्या ठेवायच्या. रोगट अळी दिसली की चिमट्यानं उचलून चुन्यात टाकायची. उकिरड्यावर फेकायची नाही, कोंबड्यांनाही घालायची नाही.

सोवळं पाळायचंच असेल तर हे पाळू या. ते घरातल्या सगळ्यांना सारखंच लागू आहे, पुरुषांनासुद्धा. कारण माहीत असलं की सुनेला चार दिवस बाहेर ठेवायची गरज उरत नाही. त्या दिवसांत तिला विश्रांती हवी असेल तर ती जरूर द्यावी, पण विटाळ म्हणून नाही, माणूस म्हणून.