डोंगरावरच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी

आम्ही लोहगडवाडीच्या बचतगटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही पहिल्यांदा हसलोच होतो.

आमच्यातल्या एकीच्या घरी गडावर येणारे पाहुणे उतरतात. २०२५ च्या जुलै महिन्यात लोहगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि ओसरीत काहीतरी वेगळं मांडावं असं तिच्या मनात आलं. समुद्रातल्या रंगीत माशांची काचेची टाकी. त्यासाठी तिनं गटाकडे कर्ज मागितलं. गटाचा पैसा म्हणजे कोणाच्या भात लावणीचा, कोणाच्या लेकीच्या फीचा. नाही म्हणावं तर तिचं मन मोडतं, हो म्हणावं तर यातलं आम्हाला काहीच कळत नव्हतं. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आमच्यातल्या दोघींनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं, एवढीच काय ती ओळख. मग ठरलं की आधी एक लहान टाकी सगळ्यांनी मिळून करून पाहायची, कर्जाचं नंतर बघू.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, साधारण ६० लिटरची घेतली. ६० लिटर पाण्याचं वजनच ६० किलो, वर काच, रेती, दगड. टीपॉय किंवा पत्र्याची मांडणी हे वजन पेलत नाही. आम्ही सिमेंटच्या ओट्यावर ठेवली, खाली थर्माकोलचा पत्रा घातला, आणि खिडकीपासून लांब, कारण थेट ऊन लागलं की काच शेवाळानं हिरवी होते. चुलीचा धूर, धूप, डासांची अगरबत्ती, फवारणीचं औषध यातलं काही त्या खोलीत नको.

आता पाणी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मग घरचं मीठ टाकून चालेल का? आम्हीही हेच विचारलं होतं. चालत नाही. आपल्या मिठात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही ठराविक प्रमाणात असतं, आणि माशांना, कोळंब्यांना ते लागतं. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठ मिळतं, ते घ्यायचं. ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास लागलं. घाट उतरून खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून आणू, असंही एक भाऊजी म्हणाले होते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी, तेल काय काय असतं, आणि वाटेतच ते कुबट होतं. तो विचार सोडला.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. पिण्यासाठी ती हवीच, पण माशाच्या कल्ल्यांना ती भाजते. पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. मग मीठ घालून रात्रभर फिरू द्यायचं आणि हायड्रोमीटरनं मोजायचं. तो १.०२५ च्या आसपास दाखवायला हवा. एक गोष्ट मात्र घरोघरी चुकेल: पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. आपल्याला ते पाणी गुणकारी वाटतं, पण तांब्याचा किंचित अंशही कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतो. पत्र्यावरून पडणारं पागोळ्यांचं पाणीही नको, पत्र्याच्या जस्ताचं तेच होतं. अंगणात मोकळ्यावर स्वच्छ प्लास्टिकच्या टबात धरलेलं पावसाचं पाणी उत्तम, आणि मावळात पावसाला काय तोटा!

इथवर काम दोन दिवसांचं. पुढचे पाच आठवडे आम्ही रिकामी टाकी बघत बसलो. गावातली पोरं येऊन विचारायची, मासे कुठायत? पण हा भाग समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. मासा जे खातो-हगतो त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात, दुधाला विरजण लागावं तसे ते हळूहळू लागतात. त्यांना खायला म्हणून आम्ही बाजारच्या कोळंबीचा एक तुकडा टाकीत टाकला. चाचणीचं औषध मिळतं, त्याचे थेंब पाण्यात टाकले की रंगावरून कळतं. आधी अमोनिया चढला, मग नायट्राइट चढला, आणि पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. कोणाला चार आठवडे लागतात, कोणाला सहा. घाई करून मासे सोडणारे इथेच फसतात.

जिवाणूंना राहायला छिद्राछिद्रांचा दगड लागतो. आपला काळा कातळ फार घट्ट. आम्ही चुना किंवा रंग न लागलेल्या भाजक्या मातीच्या कुंड्या फोडून, उकळून त्यांचे तुकडे रचले आणि तळाला तिसऱ्यांचे शिंपले उकळून, कुटून घातले. शिंपल्यात चुनखडी असते, त्यामुळे पाणी आंबट व्हायला बसत नाही.

दगड शोधतानाच एका दुकानदारानं आम्हाला ‘खरं जिवंत प्रवाळ’ देऊ केलं. हळू आवाजात, आतल्या खोलीतून. हे नीट ऐका. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. ती लहान लहान प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उन्हावर अन्न तयार करून त्यांना देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर मरतं. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. मुंबईत किनारी रस्ता बांधताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं प्रवाळ काढून दुसरीकडे नेऊन लावावं लागलं होतं, इतकं ते जपायचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारं प्रवाळ २००१ पासून आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रघोडेही तिथंच. आपल्या समुद्रातून काढलेलं प्रवाळ विकणारा गुन्हेगार आहेच, पण घेऊन घरात ठेवणारीही त्यात अडकते, आणि गटाच्या पैशानं घेतलं तर गटही अडचणीत येऊ शकतो. आम्ही तिथून उठलो. परदेशी चित्रांतल्या टाकीत डुलणारं प्रवाळ दिसतं तसं आमच्या टाकीत नाही. कुंड्यांचे तुकडे आहेत, त्यावर आता जांभळट थर चढलाय, आणि तो आम्हाला पुरेसा सुंदर वाटतो.

मासे घेताना एकच अट ठेवली, समुद्रातून धरलेले नकोत, पैदास केलेले हवेत. क्लाऊनमासा तसा मिळतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात त्याची पैदास झाली आहे, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायकांनाच शोभेच्या समुद्री कोळंब्या वाढवायचं शिक्षण दिलं गेलं. या माशाची एक गंमत आहे. वयात येताना सगळे आधी नर होतात. घोळक्यात जो सर्वांत मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी होतो आणि घर तिच्या हुकमात चालतं. ती गेली की तिचा नवरा मादी होऊन कारभार हाती घेतो! अंडी राखायचं काम नराचं. हे कळल्यावर आमच्या बैठकीत त्या दिवशी हिशोब लांबणीवर पडला.

आता आमच्या चुका. उन्हाळ्यात टाकीचं पाणी कमी व्हायचं, आम्ही मिठाचंच पाणी घालत गेलो. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. पंधरा दिवसांत हायड्रोमीटर १.०३० च्या वर गेला आणि कोळंबी गेली. आता काचेवर पेनानं रेघ मारली आहे; पाणी रेघेखाली आलं की साधं, क्लोरीन उडालेलं पाणी घालायचं. मिठाचं पाणी फक्त आठवड्याला सहा लिटर बदलतो तेव्हा. काढलेलं खारं पाणी तुळशीला किंवा परसबागेत टाकू नका, माती खराब होते. मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडा.

दुसरी वेळ जुलैतली. वारा-पाऊस, झाड तारेवर पडलं, रात्री नऊला वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पंप बंद. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमीच मावतो, त्यामुळे थोड्या तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले. आम्ही चौघी पाळी लावून रात्रभर मगानं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत होतो. खायला काही दिलं नाही. दोन्ही मासे वाचले. आता बॅटरीवरचा हवेचा पंप घेतलाय. तो काही शेकड्यांत येतो आणि तो आधी घ्यायला हवा होता.

विजेचा हिशोब असा: १० वॅटचा पंप चोवीस तास, २० वॅटचा दिवा आठ तास, आणि थंडीत १०० वॅटचा हीटर समजा सहा तास. मिळून दिवसाला एक युनिट. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे.

धंदा म्हणून विचाराल तर आमचं मत सरळ आहे. क्लाऊनमाशाची अंडी आठवडाभरात फुटतात, पण पिल्लांना रोटिफर नावाचे डोळ्यांना धड न दिसणारे जीव खायला लागतात, ते वेगळे वाढवावे लागतात. इथं डोंगरावर ते जमणं कठीण. ज्यांना शोभेच्या माशांचा जोडधंदाच करायचा आहे त्यांनी गोड्या पाण्यातल्या गप्पी-मॉलीपासून सुरुवात करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाला महिलांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. अर्ज आता घेतात का आणि अटी काय, हे पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पुढचं पाऊल टाका.

आमच्या त्या मैत्रिणीला गटानं मागितलेल्या रकमेच्या निम्मं कर्ज दिलं, आधी इन्व्हर्टर बसव या अटीवर. तिनं तो बसवलाय, आणि टाकीत सध्या कोळंबीचा तुकडा टाकून वाट बघतेय. पहिली टाकी अजून आमच्याकडेच आहे. बघायला यायचं तर सोमवार ते गुरुवार या, शनिवारी-रविवारी गडाच्या गर्दीत रस्त्यावरून पायही टाकता येत नाही.