गरनात्याची सराई, पेठ आणि कारागिरी

स्पेनच्या ग्रॅनाडा प्रांतात जाणारे आपले बांधव बहुधा अलहम्रा पाहून परततात. तो पाहावाच, मात्र तिकीट आधी काढावे. त्यावर नाव असते, पासपोर्ट जवळ लागतो आणि नासरी राजवाड्याची ठरलेली वेळ चुकवू नये. पण व्यापाऱ्याने खाली शहरातही उतरावे, असे आम्हास वाटते.

तेथे चौदाव्या शतकातील एक फुन्दुक, म्हणजे सराई, अद्याप उभी आहे. मध्ये चौक, भोवती मजले. माल खाली, व्यापारी वर. १४९२ साली मुस्लिम राज्य गेले. पुढे येथे कोळसा येऊ लागला व 'कोराल देल कार्बोन' हे नाव चिकटले. जवळच अल्कायसेरिया, मूळची कैसरिया, रेशमाची पेठ. ती १८४३ च्या आगीत जळाली. आजच्या गल्ल्या नंतरच्या. कमानी पाहून फसू नये.

कारागिरांनी 'तारासेया' हे जडावकाम निरखावे. लाकूड व हाडाच्या बारीक काड्या सरसाने जुळवून कांडी करतात. ती आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तोच तारा निघतो. सुरत-मुंबईच्या सादेली कामाची रीत हीच! आपल्याकडे ते करणारे हात मोजकेच उरले. तेथे प्रवासी डबी विकत नेतो, म्हणून धंदा टिकून आहे. घेताना जोड तपासावा. अस्सल कामात तुकड्यांचे सांधे दिसतात, छापील नक्षीत नाही.